पहिली स्कूबा टाकी घेताना या चुका टाळा

माझी पहिली टाकी पिवळी होती. ती का घेतली याचं दुसरं प्रामाणिक उत्तर माझ्याकडे नाही. कोर्स केला तेव्हा पाठीवर भाड्याची स्टीलची टाकी असे, पाण्याखाली राहता यावं म्हणून कमरेला सहा किलो शिसं असे आणि सगळं सुरळीत चाले. मग ही ॲल्युमिनियमची पिवळीधमक टाकी घरी आली. सूट तोच, शिसंही तेवढंच. डाइव्ह छान झाली. शेवटी पाच मीटरवर सेफ्टी स्टॉपला, म्हणजे वर येण्याआधीच्या तीन मिनिटांच्या थांब्याला, थांबलो, टाकीचा दाब दाखवणाऱ्या गेजवर ५० बार उरले होते, आणि पाठ हळूहळू वर जायला लागली. बीसीडीतली, म्हणजे तरंगणं सांभाळणाऱ्या फुगत्या जाकिटातली, हवा सगळी सोडली, छातीतली सोडली, तरी आपलं वरच. ती तीन मिनिटं मी नांगराच्या दोराला वटवाघळासारखा धरून काढली, डोकं खाली आणि पाय वर.

टाकीत दोष काहीच नव्हता. मी ती जमिनीवर पाहून घेतली होती, आणि जमिनीवर सगळ्या टाक्या सारख्याच जड लागतात. कोणती कशी आहे ते पाण्यात कळतं, तेही हवा संपत आल्यावर. पहिली टाकी घेणाऱ्यांच्या निम्म्याअधिक चुका इथूनच निघतात. डोळ्यांसमोर भरलेली टाकी असते, रिकामीचा विचार कुणी करत नाही.

‘ऑक्सिजनची टाकी’ शोधत फिरणं

बातम्यांमधले पाणबुडे हमखास ‘ऑक्सिजन सिलिंडर’ पाठीला बांधून उतरतात. प्रत्यक्षात त्या टाकीत साधी हवा असते, गाळलेली, कोरडी केलेली आणि दाबून भरलेली. सुमारे २१ टक्के ऑक्सिजन, बाकी बहुतांश नायट्रोजन. शुद्ध ऑक्सिजन घेऊन सहा मीटरच्या खाली गेलात तर झटके येऊन शुद्ध हरपू शकते, आणि पाण्याखाली शुद्ध हरपणं म्हणजे काय ते सांगायला नको.

हा केवळ शब्दाचा घोळ असता तर सोडून दिला असता. पण या घोळामुळे कुणी दवाखान्याचा किंवा वेल्डिंगचा जुना ऑक्सिजन सिलिंडर ‘चालेल का?’ म्हणून विचारतं. चालत नाही. त्याचा व्हॉल्व्ह वेगळा, मान्यता वेगळी. अग्निशमन दलातल्या कार्बन फायबरच्या हलक्या टाक्यांबद्दलही तेच. त्यांची मान्यता सहसा पाण्याखालच्या वापरासाठी नसते, आणि त्या इतक्या हलक्या असतात की त्यांना खाली ठेवायला तुम्हाला आणखी शिसं बांधावं लागेल.

टाकी लागणार आहे का, हेच न विचारणं

वर्षातून एकदा सहलीला गेल्यावर चार डाइव्ह करणाऱ्याला स्वतःची टाकी लागत नाही. ती विमानातून भरून नेता येत नाही, व्हॉल्व्ह उघडा ठेवून किंवा काढून रिकामी न्यायची म्हटलं तरी चौदा किलोचा धोंडा होतो, आणि जिथे उतरायचं तिथे टाक्या भाड्याने मिळतातच. स्वतःचे मास्क, फिन्स, खोली आणि वेळ मोजणारा डाइव्ह कॉम्प्युटर आणि टाकीतली हवा तोंडाशी आणणारा रेग्युलेटर आधी घ्या. घरापासून गाडीने जाता येईल इतक्या अंतरावर वारंवार उतरत असाल, भरायची सोय जवळ असेल, तरच टाकीचा विचार करा.

आकड्याच्या प्रेमात पडणं

सर्वात जास्त विकली जाणारी टाकी ‘एटी’ म्हणून ओळखली जाते. कुणी ‘बारा लीटरची’ म्हणतं. नवशिक्याला वाटतं, ऐंशी म्हणजे बारापेक्षा कितीतरी मोठी असणार. पण हे दोन आकडे दोन वेगळ्या गोष्टी मोजतात. अमेरिकी पद्धतीत टाकी पूर्ण दाबाला भरल्यावर त्यात किती घनफूट हवा मावते ते सांगतात. बाकी बऱ्याच ठिकाणी टाकीत किती लीटर पाणी मावेल ते सांगतात. ॲल्युमिनियमच्या ‘एटी’मध्ये पाणी मावतं ११.१ लीटर. म्हणजे बारा लीटरची टाकी तिच्यापेक्षा थोडी मोठीच. गंमत अशी की ‘एटी’मध्ये ऐंशी घनफूट हवासुद्धा मावत नाही. ३००० पीएसआय, म्हणजे २०७ बारला, ७७.४ घनफूट मावते. नाव मात्र गोल आकड्याचं पडलं.

दुसरा सापळा दाबाचा. उच्च दाबाच्या स्टीलच्या ‘हंड्रेड’ टाकीत शंभर घनफूट हवा मावते ती ३४४२ पीएसआयला, म्हणजे सुमारे २३७ बारला. तुमच्या जवळचा भरणारा २०० बारच्या वर जात नसेल तर तुम्ही शंभरच्या टाकीत सत्त्याऐंशीच्या आसपास हवा घेऊन फिरता. ३०० बारच्या टाकीत आणखी एक गोम आहे. इतक्या दाबाला हवा शाळेत शिकवलेल्या नियमाप्रमाणे दबत नाही. दहा लीटर गुणिले तीनशे म्हणजे तीन हजार लीटर, असा हिशेब कागदावर होतो, पण हाती सुमारे दहा टक्के कमी येते.

मग हिशेब कशाने करायचा? टाकीतल्या पाण्याच्या लीटरने आणि तुमच्या श्वासाने. समजा पृष्ठभागावर तुम्हाला मिनिटाला २० लीटर हवा लागते. वीस मीटरवर दाब तिप्पट, म्हणून तिथे ६० लीटर. २०० बारवर सुरू केलं, ५० राखून ठेवले, तर खर्चायला १५० बार. ‘एटी’मध्ये ११.१ गुणिले १५० म्हणजे १६६५ लीटर, जेमतेम २८ मिनिटं. बारा लीटरच्या टाकीत ३० मिनिटं. पंधरा लीटरच्या टाकीत साडेसदतीस. वर येण्यातला वेळ आणि जोडीदाराला द्यावी लागली तर लागणारी हवा यात धरलेली नाही, हा हिशेब फक्त तुलनेसाठी.

आता हाच आकडा दुसऱ्या बाजूने बघा. त्याच ‘एटी’वर मिनिटाला १४ लीटर लागणारा माणूस त्याच खोलीवर जवळजवळ ४० मिनिटं राहतो, म्हणजे तुमच्या पंधरा लीटरच्या टाकीपेक्षाही जास्त. नवशिक्याची हवा लवकर संपते याची कारणं बहुतेकदा टाकीत नसतात. जादा शिसं, उभं पोहणं, हात मारणं आणि मनातली धाकधूक यांत ती जाते. सुरुवातीच्या काही डझन डाइव्हमध्ये हा खर्च आपोआप उतरतो. टाकी मात्र नीट सांभाळली तर वीस-तीस वर्षं राहते. आजच्या धापा मोजून तीस वर्षांची टाकी घेऊ नये. नाचता येईना अंगण वाकडे, यातलं अंगण म्हणजे आपल्याकडे ‘एटी’.

आणि खोल जाणाऱ्यांनी आणखी एक बघावं. तीस मीटरवर डीकम्प्रेशनशिवाय, म्हणजे वर येताना सक्तीचे थांबे घ्यावे न लागता, राहायची मुदत, पहिली डाइव्ह असेल तर, प्रचलित मनोरंजनात्मक तक्त्यात वीस मिनिटं आहे. मिनिटाला १४ लीटर लागणाऱ्याला पंधरा लीटरची टाकी तिथे चाळीस मिनिटं पुरेल. मुदत वीसची, हवा चाळीसची. राखीव हवा जास्त असणं वाईट मुळीच नाही, पण ‘मोठी टाकी म्हणजे दुप्पट वेळ’ हा हिशेब तिथे लागू पडत नाही.

‘ॲल्युमिनियम हलकं, स्टील जड’ असं धरून चालणं

माझी पिवळी टाकी इथे येते. लोकांना वाटतं ॲल्युमिनियम हलका धातू, म्हणून टाकी हलकी. पण ॲल्युमिनियम स्टीलइतकं बळकट नसल्यामुळे भिंत जाड ठेवावी लागते. रिकामी ‘एटी’ चौदा किलोच्या पुढेच भरते. बारा लीटरची स्टीलची टाकीही त्याच आसपास. जमिनीवर फरक नगण्य.

पाण्यात चित्र पालटतं. जाड भिंतीमुळे ॲल्युमिनियमची टाकी बाहेरून मोठी होते, जास्त पाणी बाजूला सारते आणि म्हणून तरंगायला बघते. ‘एटी’ भरलेली असताना समुद्राच्या पाण्यात अर्धा-पाऊण किलो खाली ओढते. रिकामी झाली की सुमारे दोन किलो वर ओढते. मधला फरक हवेच्या वजनाचा. हवा वजनहीन वाटते, पण पूर्ण भरलेल्या ‘एटी’मध्ये ती अडीच किलोच्या वर असते. स्टीलच्या टाकीतूनही हवा तेवढीच जाते, फक्त तिची सुरुवात बरीच खालून होते. म्हणून रिकामी झाल्यावरही ती बहुधा किंचित खालीच ओढते किंवा समतोल राहते.

परिणाम असा की स्टीलवरून ॲल्युमिनियमवर आलात तर दोन ते तीन किलो शिसं वाढवावं लागतं, उलट दिशेने गेलात तर तेवढंच काढावं लागतं. म्हणजे टाकी आणि शिसं मिळून किनाऱ्यापर्यंत वाहायचं ओझं स्टीलबरोबर कमी पडतं. पाठदुखीवाल्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

शिसं किती हे ठरवण्याची वेळ डाइव्हच्या शेवटी असते. टाकीत ५० बार किंवा त्याहून कमी असताना, बीसीडी रिकामी ठेवून, पाच मीटरवर स्थिर राहता आलं पाहिजे. भरलेल्या टाकीने पृष्ठभागावर तपासणी करत असाल तर जाणाऱ्या हवेचं वजन, म्हणजे दोन-अडीच किलो, त्यात मिळवा. मी हे केलं नव्हतं.

स्टीलच्या बाजूने एवढं बोललो, तर तिची खोडही सांगतो. पातळ सूट घालून उबदार पाण्यात उतरणारे काही जण मोठी जड स्टीलची टाकी घेतात आणि कमरेला एकही शिसं उरत नाही. ऐकायला छान वाटतं. पण खोलवर बीसीडी फाटली तर टाकून द्यायला काहीच नसतं आणि सुरुवातीचं सगळं ओझं पोहत वर न्यावं लागतं. थोडं तरी शिसं टाकता येईल अशी जोडणी ठेवा. उबदार पाण्यात पातळ सूट असेल तर ॲल्युमिनियम बरं, थंड पाण्यात जाड सूट किंवा पाणी आत येऊ न देणारा ड्रायसूट असेल तर स्टील, असं ढोबळमानाने धरायला हरकत नाही.

टिकण्याच्या बाबतीत दोन्ही धातूंचे स्वभाव निराळे. स्टीलला आतून ओल मिळाली की गंज चढतो. ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते, पण गंज तसा पसरत जात नाही. बाहेरून ठोकर लागली तर मात्र मऊ ॲल्युमिनियमला खोल ओरखडे पडतात. बाहेरून गॅल्व्हनाइझ केलेली स्टीलची टाकी दिसायला राखाडी आणि कंटाळवाणी, पण खाऱ्या पाण्यात माझा कल तिकडेच. रंगवलेल्या टाकीचा पापुद्रा एकदा उडाला की खाली गंज सरकत राहतो आणि वरून काही दिसत नाही.

पाठ न मोजणं

लांबीचा विचार दुकानात कुणी करत नाही. ‘एटी’ व्हॉल्व्हशिवाय सुमारे ६६ सेंटिमीटर लांब. पाच फुटांच्या आसपास उंची असेल तर वर डोकं व्हॉल्व्हला आपटतं आणि खाली बूड मांडीला. खडकावर टेकून बसायला गेलात तर टाकी आधी टेकते. बारा लीटरची स्टीलची टाकी दोन घडणींत मिळते, १७१ मिलिमीटर व्यासाची उंच आणि २०३ मिलिमीटर व्यासाची बुटकी. बुटकीचं वजन कमरेपासून वर राहतं, पण ती पाठीवरून जास्त बाहेर येते आणि पाण्यात कुशीवर वळवायला बघते.

लहान चणीच्या, हवा कमी लागणाऱ्या डायव्हरला दहा लीटर पुरेशी असते. ॲल्युमिनियमचीच त्रेसष्ट घनफुटांची टाकी ‘एटी’पेक्षा जवळजवळ दहा सेंटिमीटर बुटकी आहे. जोडीदाराने पंधराची घेतली म्हणून आपणही घ्यायची, हे नाकापेक्षा मोती जड. शक्य असेल तर भाड्याच्या टाकीवर किमान दोन डाइव्ह करून मग विकत घ्या. आणि बीसीडीचा पट्टा त्या व्यासाला नीट आवळतो का, तेही बघा.

व्हॉल्व्हकडे दुर्लक्ष

टाकीच्या धातूवर तासभर चर्चा होते आणि व्हॉल्व्ह ‘जो येईल तो’ घेतला जातो. व्हॉल्व्ह मुख्यतः दोन प्रकारचे. योक म्हणजे रेग्युलेटरचं कडं व्हॉल्व्हवरून घालून मागून स्क्रूने आवळायचं. डिन म्हणजे रेग्युलेटर व्हॉल्व्हच्या आतच आट्यांनी फिरवून बसवायचा. योकमध्ये ओ-रिंग, म्हणजे हवा अडवणारी रबरी रिंग, व्हॉल्व्हच्या तोंडावर उघडी असते. कड्याला धक्का लागला तर ती निसटून हवा फसफसते. डिनमध्ये ती आत कोंडलेली, म्हणून जास्त भरवशाची. योकची मर्यादा साधारण २३२ बार.

डिनचेही दोन भाऊ आहेत. २३२ बारचा, पाच आट्यांचा, आणि ३०० बारचा, सात आट्यांचा. सात आट्यांचा रेग्युलेटर दोन्हींत बसतो. पाच आट्यांचा रेग्युलेटर ३०० बारच्या व्हॉल्व्हमध्ये तळापर्यंत पोचत नाही, त्यामुळे तिथे हवा धरत नाही. मुद्दामच तसं केलंय. पहिल्या टाकीला २३२ बारचा, आतली कडी काढता-घालता येणारा व्हॉल्व्ह घ्या. कडी घातली की योक, काढली की डिन. ३०० बारच्या व्हॉल्व्हला ही सोय नाही, आणि योकवाला जोडीदार तुमची टाकी वापरू शकत नाही.

या सगळ्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट टाकीच्या मानेत आहे. मानेतले आटे सगळीकडे सारखे नसतात. युरोपीय टाक्यांवर बहुतेकदा मेट्रिक एम २५ बाय २, अमेरिकी टाक्यांवर पाऊण इंचाचे. एम २५ चा व्हॉल्व्ह पाऊण इंचाच्या मानेत जातो, थोडा सैल वाटतो, पण जातो. आणि दाब चढला की गोळीसारखा उडतो. असे अपघात झाले आहेत. जुनी टाकी एकाकडून आणि व्हॉल्व्ह दुसऱ्याकडून घेऊन घरी जुळवणी करायची हौस असेल तर ती इथेच सोडा. मानेवर आणि व्हॉल्व्हवर आट्यांचा ठसा असतो, तो दोन्हीकडे एकच असल्याची खात्री तज्ज्ञाकडून करून घ्या.

स्वस्त जुनी टाकी

जुनी टाकी घेणं मुळात चूक नाही. चांगली सांभाळलेली वीस वर्षांची स्टीलची टाकी नव्याइतकी कामाची असते. चूक ही की लोक रंग बघतात, ठसे बघत नाहीत. टाकीच्या खांद्यावर तिची कुंडली कोरलेली असते. कोणत्या प्रमाणाप्रमाणे बनली (अमेरिकी टाकीवर ‘३एएल’ म्हणजे ॲल्युमिनियम, ‘३एए’ म्हणजे स्टील), कामाचा दाब, अनुक्रमांक, पहिल्या दाब-चाचणीचा महिना आणि वर्ष, पुढच्या प्रत्येक चाचणीची तारीख. अनुक्रमांक खरवडलेला असेल किंवा ठशांवर कुणी फुल्या मारल्या असतील तर ती टाकी घरात आणूच नका. फुल्या म्हणजे ती नापास होऊन बाद झालेली.

दाब-चाचणीत टाकी पाण्याच्या भांड्यात बुडवून आत पाण्यानेच कामाच्या दाबापेक्षा बराच जास्त दाब देतात. ३००० पीएसआयच्या टाकीला ५०००. टाकी किती फुगली आणि दाब काढल्यावर किती पूर्ववत झाली ते मोजतात. फुगण्याच्या दहा टक्क्यांहून जास्त फुगवटा कायम राहिला तर नापास. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये ही चाचणी पाच वर्षांनी, ऑस्ट्रेलियात दरवर्षी. शिवाय व्हॉल्व्ह काढून दिवा घालून आतून बघण्याची तपासणी असते, अमेरिकेत ती वर्षाला करण्याची रीत आहे. तुमच्या देशाचा नियम टाकी घेण्याआधी विचारा, कारण मुदत संपलेली टाकी कुणी भरून देत नाही. ‘अगदी स्वस्त’ म्हणून आणलेल्या टाकीला चाचणी, तपासणी, नवा व्हॉल्व्ह आणि आतली घासाई लागली की चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला होतो.

ॲल्युमिनियमच्या जुन्या टाक्यांत एका मिश्रधातूचं नाव लक्षात ठेवा, ६३५१. या धातूच्या काही टाक्यांत वर्षानुवर्षं दाबाखाली राहून मानेत बारीक भेगा वाढत गेल्या, आणि काही टाक्या भरताना फुटल्या. अमेरिकेतल्या स्कूबा टाक्यांत १९८८ च्या सुमारास या धातूऐवजी ६०६१ हा मिश्रधातू रूढ झाला, इतर काही देशांत नंतर. अमेरिकेत आजही ६३५१ च्या टाकीची मान दर चाचणीला विजेच्या प्रवाहाने भेगा शोधणाऱ्या एडी करंट यंत्राने तपासणं बंधनकारक आहे, आणि कित्येक भरणारे तपासणी झालेली असली तरी ती भरत नाहीत. टाकी अधिकृत असेल, पण भरायलाच कुणी तयार नसेल तर घेऊन करायचं काय?

घरी नव्याने भट्टीत रंगवलेली ॲल्युमिनियमची टाकीही नको. तिची ताकद कारखान्यातल्या उष्णता-प्रक्रियेतून आलेली असते. रंग पक्का करायला जास्त तापवली तर ती ताकद जाते, आणि रंग मात्र झकास दिसतो.

नायट्रॉक्सचा स्टिकर बघून भुलणं

नायट्रॉक्स म्हणजे साध्या हवेपेक्षा जास्त ऑक्सिजन असलेलं मिश्रण. त्याचा हिरवा-पिवळा पट्टा म्हणजे टाकी ऑक्सिजनसाठी स्वच्छ आहे असं नाही. आधीच मिसळलेलं ३२ टक्क्यांचं नायट्रॉक्स बहुतेक ठिकाणी साध्या टाकीत भरतात. पण टाकीत आधी शुद्ध ऑक्सिजन सोडून वर हवा भरायची पद्धत असेल, किंवा ४० टक्क्यांच्या वरचं मिश्रण असेल, तर टाकी आणि व्हॉल्व्ह दोन्ही ऑक्सिजनसाठी साफ केलेले लागतात. तिथे साध्या ग्रीसचा डागही पेटू शकतो. भरून आल्यावर ऑक्सिजनचं प्रमाण स्वतः मोजायचं. भरणाऱ्याच्या शब्दावर जायचं नाही, तो कितीही ओळखीचा असो.

टाकी घरी आल्यावरच्या तक्रारी

भरून आणली तेव्हा २०७ होते, सकाळी १८८ निघाले. गळती असेलच असं नाही. भराभर भरताना टाकी तापते. ५० अंशांवर २०७ बार दाखवणारी टाकी २० अंशांवर आली की साधारण १८८ वर येते. सावकाश भरायला सांगा, आणि थंड झाल्यावर पुन्हा वर भरून देतात का ते विचारा. थंड टाकीचाही दाब उतरत राहिला तर व्हॉल्व्ह आणि मान साबणाच्या पाण्याने तपासा. मानेशी बुडबुडे आले तर स्वतः आवळायला जाऊ नका, दाबाखालच्या मानेला हात लावायचा नसतो.

रेग्युलेटर जोडला की फसफस. दहातल्या नऊ वेळा ओ-रिंग, तुटलेली, सुकलेली किंवा वाळूचा कण बसलेली. खिशात दोन-चार जास्तीच्या ठेवा. योक आणि डिनच्या ओ-रिंगचं माप वेगळं असतं, हे बोटीवर आठवून उपयोग नाही.

श्वास घेताना गेजचा काटा खाली जातो आणि परत वर येतो. व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला नाही. जुनी शिकवण होती, पूर्ण उघडा आणि पाव फेरा मागे घ्या. त्या नादात कुणी दिशा चुकवतं आणि व्हॉल्व्ह पाव फेराच उघडा राहतो. वर काही जाणवत नाही, खोल गेल्यावर हवा ओढावी लागते. आता अनेक जण पूर्ण उघडाच ठेवायला सांगतात, मलाही तेच पटतं. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असूनही काटा नाचत असेल तर व्हॉल्व्हची टाकीतली नळी किंवा रेग्युलेटरची जाळी गंजाच्या भुकटीने चोंदली असेल. टाकी उघडून घ्या.

टाकी हलवली की आत खडखड. गंजाचे पापुद्रे किंवा मीठ. स्टीलच्या टाकीत असं होण्याचं नेहमीचं कारण म्हणजे ती समुद्रात पार रिकामी झालेली असते, आणि उघड्या व्हॉल्व्हमधून पाणी आत गेलेलं असतं. म्हणूनच टाकीत २०-३० बार नेहमी शिल्लक ठेवायचे. ओल्या स्टीलच्या टाकीत गंज धातूबरोबर हवेतला ऑक्सिजनही खातो. महिनोन् महिने भरून ठेवलेल्या अशा टाकीतली हवा श्वासाला पुरेशी उरलीच असेल याची खात्री नसते.

बुडाचं रबरी बूट काढलं आणि खाली गंजाचं कडं दिसलं. बुटात खारं पाणी साचतं. डाइव्हच्या दिवशी गोड्या पाण्याने धुताना बूट आणि टाकीवरची संरक्षक जाळी काढूनच धुवा.

टाकी पट्ट्यातून सरकते. कोरडा नायलॉनचा पट्टा आवळला होता, पाण्यात तो सैलावला. आधी भिजवा, मग आवळा. वर उचलून टाकी सरकते का ते झटका देऊन बघा.

हवेला तेलाचा किंवा जळका वास. ती टाकी त्या दिवशी वापरायची नाही, जोडीदाराचीही त्याच ठिकाणी भरलेली असेल तर तीही नाही. वास नसला म्हणजे हवा शुद्ध, असंही नाही. कॉम्प्रेसरच्या तोंडाशी इंजिनाचा धूर शिरला तर कार्बन मोनॉक्साइड भरला जातो आणि त्याला वास नसतो. वीस मीटरवर त्याचा परिणाम पृष्ठभागापेक्षा तिपटीने. भरणाऱ्याकडे गेल्यावर कॉम्प्रेसरची हवा कुठून आत येते ते मी बघतो, शेजारी कुणाची गाडी सुरू ठेवून उभी असेल तर ती बंद करायला लावतो आणि मगच टाकी पुढे करतो.